दुबळ्या कॉन्फरन्समधील अपराजित संघाला अव्वल मानांकन द्यावे का?

प्रश्न – मध्यांतर
अमेरिकी कॉलेज संघांच्या एनसीएए बास्केटबॉल स्पर्धेत 2014 साली विचिटा स्टेटचा संघ 34-0 अशा निष्कलंक कामगिरीच्या बळावर अव्वल मानांकन (ते चार विभागांत एकेका संघाला मिळते) घेऊन उतरला आणि दुसऱ्याच सामन्यात आठव्या मानांकित केंटकीकडून 78-76 असा हरला. मिझुरी व्हॅली या दुबळ्या कॉन्फरन्समधील (मोसमात आपसात खेळणाऱ्या संघांच्या गटातील) विजयांना निवड समितीने एवढे वजन द्यायला हवे होते का?

उत्तर – तिसरा पंच
तो पराभव पुरावा म्हणून पुढे करणे मला अन्यायाचे वाटते, कारण विचिटाच्या फ्रेड व्हॅनव्लीटचा अखेरच्या क्षणीचा तीन गुणांचा शॉट बास्केटमध्ये पडला असता तर हा प्रश्नच उद्भवला नसता. शिवाय तोच केंटकी पुढे अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला; चुकले असेल तर केंटकीचे मानांकन.

उत्तर – राखीव खेळाडू
खरी अडचण वेळापत्रकाची आहे. निवड समिती आता वापरते त्या ‘नेट’ या संघांच्या क्रमवारीत सर्वोच्च प्रतीचा विजय पदरात पाडायचा तर घरच्या मैदानावर पहिल्या 30, त्रयस्थ ठिकाणी 50 किंवा परक्या मैदानावर 75 संघांपैकी कोणाला तरी हरवावे लागते. बड्या कॉन्फरन्समधील संघांना अशा संधी आपसातच मिळत राहतात, आणि लहान संघांच्या मैदानावर जायला ते सहसा राजी नसतात. बराच काळ लहान कॉन्फरन्समध्ये खेळलेला गोंझागा मोसमाच्या सुरुवातीलाच बलाढ्य संघांशी भिडतो, म्हणून त्याचे मानांकन मला पटते. 2017 आणि 2021 मध्ये तो अव्वल मानांकित म्हणूनच अंतिम सामना खेळला (दोन्ही वेळा हरला, हेही खरे).

उत्तर – मध्यांतर
पटले. 2021 मध्ये मिझुरी व्हॅलीतल्याच लोयोला शिकागोला फक्त आठवे मानांकन मिळाले आणि त्यांनी अव्वल मानांकित इलिनॉयला 71-58 असे घरी पाठवले. त्यात इलिनॉयचा काय दोष?