मदत हवी आहे : फौजी वडील, सुटलेली दारू आणि डोळे मिटून बसण्याची अडचण

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

अण्णा, म्हणजे माझे वडील, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. गाव सातारा जिल्ह्यात; आमच्याकडे घराआड एक फौजी. घरी आल्यावर मिलिटरी कॅन्टीनची रम रोजची झाली, मग कार्डावरचा महिन्याचा कोटाही पुरेना. व्यसनमुक्ती केंद्र दोनदा झालं. पहिल्यांदा चार महिन्यांत स्लिप, म्हणजे पुन्हा पिणं सुरू. या वेळी ३५ दिवस राहून आले, त्याला आता सात महिने होतील. लिकर कार्ड त्यांनी आपणहून आईकडे दिलंय, ते तांदळाच्या डब्यात असतं. तरी जुने साथीदार येतात आणि म्हणतात, "तू पीत नाहीस तर तुझा कोटा तरी दे." बोला आता.

केंद्रातल्या ताईंनी सांगितलं होतं : तलफ आली की तिच्याशी भांडू नका, नुसती बघा. घरी येऊन शोधलं तर सिएटलचे मानसशास्त्रज्ञ ॲलन मार्लट यांचं काम सापडलं. तलफ लाटेसारखी चढते, ओसरते. आपण तिच्यावर तरंगत राहायचं. त्यांनी सहकाऱ्यांबरोबर यावर आठ आठवड्यांचा कार्यक्रम बेतला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपचार घेऊन बाहेर पडलेले २८६ जण होते. वर्षभरानंतर त्यातल्या हा कार्यक्रम केलेल्यांचे नशेचे दिवस नेहमीची मदत घेणाऱ्यांपेक्षा कमी निघाले. मुळात विपश्यनेचाच आधार आहे, म्हणजे आपलीच वस्तू फिरून आली.

अडचण अशी, की अण्णांना डोळे मिटून बसवत नाही. कारगिलच्या वेळी ते वर होते. त्याबद्दल बोलत नाहीत. पहिल्या दिवशी मांडी घालून बसले आणि तिसऱ्या मिनिटाला ताडकन उठले. कानशिलावरून घाम. खिडकी लावून घेतली आणि अर्धा तास दाराकडे तोंड करून बसून राहिले. मी पुन्हा विषय काढला नाही.

पुढे एकदा श्वासावरून बोलणं निघालं तर म्हणाले, "श्वास मला काय शिकवतोस? फायरिंगला अर्धा सोडायचा, धरायचा, मग ट्रिगर." तेव्हापासून संध्याकाळी सातला, म्हणजे नेमक्या वाईट वेळेला, फाटकाशी उभे राहतात. डोळे उघडे, समोरच्या कडुनिंबावर. श्वास मोजतात. परवा शेजारच्या हळदीतून उठून आले, वीस मिनिटं तसेच उभे राहिले आणि गुळाचा चहा मागितला.

हे बरोबर चाललंय का? डोळे उघडे ठेवून किंवा चालता चालता हा सराव कुणी केलाय का, विशेषतः फौजी घरात? मामा म्हणतात इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला दहा दिवस पाठव. दहा दिवस मौन, डोळे मिटून, त्यात हे डोक्यातलं. मला धास्ती वाटते. अर्जात व्यसनाची आणि मानसिक तब्येतीची माहिती विचारतात, ती लपवायची नाही हे नक्की. सातारा, कराड, पुणे या पट्ट्यात दारू आणि लढाईचा धक्का दोन्ही समजणारे, मराठीत बोलणारे मानसोपचारतज्ज्ञ माहीत असतील तर सांगा. ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आहे. गोळ्या चालू आहेत, त्या बंद करणार नाही.

एकच विनंती, "मनाचा निश्चय हवा" असं लिहू नका. निश्चय होता म्हणूनच बर्फात पहारा झाला.

साडेसहा ते आठ मी फोन आत ठेवून फाटकापाशी असतो, तेव्हा उत्तराला उशीर झाला तर राग मानू नये.