मदत हवी आहे: फायरवॉलमध्ये रॅम टाकली, आता डबा सुरूच होत नाही (अर्जंट)

काटापावती (गुरुवार, रात्री ११:४०)
मंडळी, फायरवॉलची (नेटवर्कच्या दारावर पहारा देणारा डबा) रॅम वाढवायची होती. २५६ ची काढली, ५१२ ची टाकली. आता सुरूच होत नाही. पॉवरचा दिवा लागतो, बाकी ठणठण गोपाळ. टेस्टिंगचा डबा आहे, कुठं लावलेला नाही, तेव्हा वॉरंटीचं ज्ञान नको. सोमवारी कापसाच्या जिनिंगवर जाऊन दाखवायचं आहे. कोणती रॅम घ्यायची एवढंच सांगा. पांढरकवड्याच्या अलीकडं खेड्यात राहतो. नागपूर दीडशे किलोमीटर. एकच चक्कर होईल, चुकीची आणून परवडत नाही.

पोर्टबावीस (रात्री ११:५२)
कोणता फायरवॉल? मॉडेल लिहा.

जुनं ते सोनं (रात्री ११:५५)
रॅमला खोडरबर मारला का? पांढरं, साधं, शाळेतलं. सोनेरी दातांवर चारपाच वेळा हलक्या हातानं फिरवा, बारीक चुरा झटका, खटकन आवाज येईस्तोवर दाबा. दहातले आठ डबे याच्यावर सुरू होतात. वीस वर्षं दुरुस्ती करतोय.

काटापावती (शुक्रवार, सकाळी ७:१०)
@पोर्टबावीस सिस्कोचा आहे. छोटा. मागे आठ पोर्ट.
@जुनं ते सोनं रबर मारला काका. दोनदा.

पोर्टबावीस (सकाळी ७:३५)
म्हणजे एएसए ५५०५. हे काल रात्रीच लिहिलं असतं तर एक रात्र वाचली असती. आता पुढचं सांगा: रॅम कुठून आणली, तिच्या लेबलवर काय लिहिलंय, जुनी २५६ ची परत लावली तर सुरू होतो का, आणि कन्सोल केबलनं कंप्यूटरला जोडून स्क्रीनवर काही दिसतं का?

ढगातला (सकाळी ९:०२)
२०१७ च्या ऑगस्टमध्ये विक्री बंद, २०२२ च्या ऑगस्टमध्ये सपोर्ट बंद. यात रॅम कशाला टाकताय? भंगारात द्या. एखाद्या जुन्या पीसीत दोन लॅनकार्डं घाला आणि पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर टाका. फुकट आहे. मी घरी, ऑफिसात आणि सासऱ्यांकडे तेच लावलंय.

पोर्टबावीस (सकाळी ९:१५)
त्यांनी फायरवॉल कोणता घ्यावा असं विचारलेलं नाही. आणि जुना पीसी म्हणजे किती जुना? पीएफसेन्सनं २.४ पासून, म्हणजे २०१७ मध्येच, ३२ बिटचा सपोर्ट सोडला. खेड्यात पडून असलेला पेंटियम फोर बहुतेक त्यातलाच निघेल.

ढगातला (सकाळी ९:२१)
६४ बिटचा पीसी सेकंडहँड सहज मिळतो. उगाच वाद घालायला आलात का?

वऱ्हाडी ठेचा (सकाळी १०:४०)
भाऊ, मले त वाटते लाइनीचा प्रॉब्लेम हाये. आमच्याकडं रात्री व्होल्टेज असं खालीवर होते का पंखा कधी भिरभिर फिरते, कधी हातानं ढकला लागते. पयले स्टॅबिलायझर घ्या. माया राउटर असाच गेला, मी रॅमवर शंका घेत बसलो अन् गेलं होतं अडॅप्टर.

सीताबर्डीकर (सकाळी ११:०५)
ती क्लॉक चिपची भानगड नाही ना? काही मॉडेल दीडेक वर्ष चालून अचानक कायमचे बंद पडायचे. तसं असेल तर रॅम बदलून काही होत नाही.

पोर्टबावीस (सकाळी ११:१२)
ती इंटेलच्या ॲटम सी२००० ची गोष्ट, ५५०६ मध्ये होती. ५५०५ मध्ये एएमडीचा जिओड आहे, ५०० मेगाहर्ट्झ. नावात एका आकड्याचा फरक, पण जात वेगळी.

काटापावती (दुपारी १:३०)
जुनी परत लावली, सुरू झाला! म्हणजे अडॅप्टर ठीक आहे. ठेचाभाऊ, स्टॅबिलायझर आधीपासून आहे. नवी लावली की कन्सोलवर एक अक्षर येत नाही, स्क्रीन काळी. स्पीड ९६०० वरच लावलंय. नवी रॅम डीडीआर ४००, ५१२ एमबी आहे, खाचेत बरोबर बसते. म्हणजे जात तीच ना?

जुनं ते सोनं (दुपारी १:४४)
खाचेत बसली आणि बोलत नाही म्हणजे दात मळके. जिनिंगवर वापरलेली असेल तर रुईचा बारीक तंतू स्लॉटमध्ये जातो. रंगाचा कोरडा ब्रश घ्या.

पोर्टबावीस (दुपारी २:००)
लेबल. लेबलवरची पूर्ण ओळ लिहा. दुसऱ्यांदा विचारतोय.

काटापावती (दुपारी २:२०)
५१२ एमबी पीसी३२००आर-३०३३१. विकणारा म्हणाला ओरिजिनल आहे, बँकेच्या मोठ्या मशीनमधली.

पोर्टबावीस (दुपारी २:२४)
सापडलं. तो ‘आर’ बघा. आर म्हणजे रजिस्टर्ड, सर्व्हरची रॅम. मोठ्या मशीनमधली म्हणाला ते खरंच होतं. पिना १८४ च असतात, खाचही तीच, म्हणून ती गुमान बसते. पण पत्ता आणि हुकूम चिपांपर्यंत मधल्या रजिस्टरमधून जातात आणि साध्या बोर्डाला ती भाषा येत नाही. तुम्हाला हवी ‘यू’वाली, म्हणजे अनबफर्ड. लेबलवर पीसी३२००यू किंवा पीसी२७००यू. रजिस्टर्ड ओळखायची सोपी खूण: दोन्हीकडच्या मोठ्या चिपांच्या रांगेत अधेमधे एक-दोन आडव्या, बारक्या चिपा असतात. तुमच्याकडच्या पट्टीवर बघा.

काटापावती (दुपारी २:३१)
आहेत. मधोमध दोन. मला वाटलं डेकोरेशन.

सीताबर्डीकर (दुपारी २:५०)
एक भर घालतो. हाय डेन्सिटी म्हणून स्वस्तात विकतात ती घेऊ नका, जुन्या बोर्डांना ती अर्धीच दिसते किंवा दिसतच नाही. माझ्याकडच्या ५५०५ मध्ये दोन्ही बाजूंना आठ-आठ चिपांची ५१२ पहिल्या फटक्यात चालली, एकाच बाजूची नाही. सीताबर्डीत डीडीआर वन आता नवीन मिळत नाही, जुन्या मालाच्या डब्यात हात घालावा लागतो. त्यापेक्षा तालुक्याला एमएस-सीआयटीचा जुना क्लास असेल तर तिथं विचारा. ८६५ चिपसेटच्या मशीनमध्ये हीच रॅम असायची. वीस-वीस मशीनं माळ्यावर पडलेली असतात.

ढगातला (दुपारी ३:१०)
एवढ्या खटपटीत व्हर्च्युअल लॅब उभी राहिली असती. एएसएव्ही घ्या, म्हणजे एएसएचंच सॉफ्टवेअर रूप, लॅपटॉपवर चालतो. पीसी नको, रॅम नको, रबर तर नकोच.

जुनं ते सोनं (दुपारी ३:१२)
रबरानं तुमचं काय वाकडं केलं?

सीताबर्डीकर (दुपारी ३:१५)
एएसएव्ही ९.२ पासून पुढं आला. त्यात ५५०५ वरच्या ८.४ सारख्या जुन्या सॉफ्टवेअर आवृत्त्या चालणार नाहीत.

नेटवर्कवाली (दुपारी ४:४०)
मघापासून वाचतेय. मूळ प्रश्न कुणीच विचारला नाही. दादा, मुळात रॅम वाढवायचीच कशाला? काय टेस्ट करताय?

काटापावती (सायं. ६:०५)
मॅडम, ते लांबलचक आहे म्हणून लिहिलं नव्हतं. माझं काटा पावतीचं सॉफ्टवेअर आहे. कापसाची गाडी काट्यावर चढते, वजन येतं, पावती निघते आणि तीच नोंद लगेच यवतमाळच्या हेडऑफिसच्या सर्व्हरला जाते. मधे त्यांचा ५५०५ आहे, त्यावर ८.४ आवृत्तीचं सॉफ्टवेअर. दुपारनंतरची पहिली गाडी रोज अडकते. खिडकी पांढरी पडते, नॉट रिस्पॉन्डिंग. मागं बैलबंड्या, मेटॅडोर, सगळे हॉर्न वाजवतात. ऑपरेटर कंप्यूटर बंद-चालू करतो, मग संध्याकाळपर्यंत काही नाही. घरी फायरवॉलशिवाय टेस्ट केलं तर एकदाही अडकत नाही. म्हणून तसाच डबा सेकंडहँड आणला. त्यात ८.२ आहे. त्यांचं कॉन्फिग (सेटिंगची फाइल) टाकलं तर ‘ऑब्जेक्ट नेटवर्क’ची ओळच घेत नाही. ८.४ ला ५१२ लागते असं वाचलं, म्हणून रॅम.

नेटवर्कवाली (सायं. ६:३०)
हेच पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं. ५१२ चं बरोबर आहे. ८.३ पासून नॅटची (पत्ते बदलण्याच्या नियमांची) भाषाच बदलली आणि अनलिमिटेड लायसन्सच्या ५५०५ ला किमान ५१२ लागू झाली. पण तुमच्या रोगाला ८.४ ची गरजच नाही. जिनिंगची जेवणाची सुट्टी किती वाजता असते?

काटापावती (सायं. ६:३३)
१ ते २:३०. कधी ३ पण.

नेटवर्कवाली (सायं. ६:४८)
मग झालं. एएसएमध्ये टीसीपी कनेक्शन एक तास गप्प राहिलं की तो ते आपल्या टेबलातून पुसून टाकतो. हा डीफॉल्ट आहे, ८.२ मध्येही हाच. आणि पुसताना दोन्ही टोकांना काही कळवत नाही. तुमच्या सॉफ्टवेअरला वाटतं लाइन जोडलेली आहे, ते वजन पाठवत राहतं, फायरवॉल म्हणतो मी याला ओळखत नाही आणि पॅकेट टाकून देतो. बंद-चालू केलं की नवीन कनेक्शन, म्हणून सगळं सुरळीत. कीपअलाइव्ह (लाइन जिवंत ठेवायला आपोआप जाणारा निरोप) चालू असेल तरी उपयोग नाही, विंडोजचा डीफॉल्ट दोन तासांचा आहे. तोवर फायरवॉल विसरून मोकळा.

आज रात्री जुन्या २५६ वरच करून बघा. एक तास थांबू नका. ‘टाइमआउट कॉन ०:०५:००’ द्या, एक पावती काढा, सहा मिनिटं हात लावू नका, मग दुसरी काढा. मधे ‘शो कॉन’ करत राहा, चालू कनेक्शनांची यादी येते, त्यात आयडल वेळ वाढताना दिसेल.

पोर्टबावीस (सायं. ७:०५)
मान्य. पण सोमवारी गिऱ्हाईक विचारेल, आमच्याच कॉन्फिगवर करून पाहिलं का? तेव्हा ८.४ लागेलच. रॅमची चौकशी सोडू नका.

ढगातला (सायं. ७:२०)
आणि ८.४ ची इमेज (सॉफ्टवेअरची फाइल) कुठून आणणार? सपोर्ट काँट्रॅक्ट आहे का?

काटापावती (सायं. ७:४०)
हेडऑफिसवाल्यांकडे आहे, त्यांच्याकडूनच मागतोय. कुठून उतरवत नाही.

वऱ्हाडी ठेचा (रात्री ८:१५)
विषयाला सोडून इचारतो, राग मानू नका. तुमच्या त्या सॉफ्टवेअरमंधी ओलावा कापते का? सीसीआयवाले (कापूस महामंडळ) ८ टक्क्यापर्यंत पुरा भाव देतात, १२ पर्यंत कापून देतात, त्याच्यावर गाडीच वापस. मंग आमच्याकडचे व्यापारी कोणत्या हिशेबानं कापतात ते एकदा पावतीवर छापा ना बावा!

काटापावती (रात्री ८:३०)
ठेचाभाऊ, रकाना आहे. भरतात का ते मला विचारू नका.

काटापावती (रात्री ११:५५)
केलं. पाच मिनिटांचा टाइमआउट. पहिली पावती ११:२८ ला. मग ‘शो कॉन’ मारत बसलो, ४:५० पर्यंत ओळ दिसत होती, नंतर गायब. ११:३५ ला दुसरी पावती, खिडकी पांढरी! दोन महिने शोधतोय हे. बायको म्हणते रात्री बारा वाजता काय नाचता. लॉगमध्ये स्वच्छ आलंय: डिनाय टीसीपी, नो कनेक्शन.

नेटवर्कवाली (शनिवार, सकाळी ८:१०)
छान. आता त्यांच्या फायरवॉलचा टाइमआउट वाढवा म्हणून हेडऑफिसच्या मागं लागू नका, ते वाढवतील आणि पुढच्या वर्षी नवीन डबा आला की पुन्हा तेच. इलाज तुमच्या बाजूला करा. दर दहा मिनिटांनी रिकामा निरोप पाठवायचा, आणि उत्तर आलं नाही तर जुनं सॉकेट (कनेक्शन) बंद करून नवीन जोडायचं. वजन आधी तिथल्या तिथं साठवा, पावती छापा, मग पाठवा. नेटसाठी गाडी अडवायचीच कशाला?

काटापावती (रविवार, सायं. ५:२०)
शेवटचा अपडेट. तालुक्याच्या क्लासवाल्या सरांकडे माळ्यावर तीन मशीन निघाल्या. त्यातल्या एकीत दोन्हीकडं आठ-आठ चिपांची ५१२, लेबलवर पीसी३२००यू. सरांनी पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला आणि त्यांचा प्रिंटर दुरुस्त करून घेतला. त्याआधी गंमत म्हणून २५६ वरच ८.४ चढवून पाहिलं होतं. सुरू होतो, पण मोठ्या चौकटीत वॉर्निंग देतो: इन्स्टॉल्ड २५६, रिक्वायर्ड ५१२. नवी रॅम टाकल्यावर चौकट गेली, त्यांचं कॉन्फिग जसंच्या तसं चढलं. दहा मिनिटांच्या निरोपाचा कोड टाकून आज दुपारी टाइमआउट परत एक तासावर ठेवला आणि दीड तास डब्याकडं बघत बसलो. तिसरी पावती लगेच गेली. उद्या सकाळी सातच्या एसटीनं जिनिंगवर.

जुनं ते सोनं (सायं. ५:३१)
नवी टाकताना रबर मारला होता ना?

काटापावती (सायं. ५:३३)
मारला काका.