सिंगल स्कल : उशिरा पडणारा कॅच व्हिडिओत दिसेल कसा?

मुळेकाठची:
पुण्यात कॉलेजच्या बोट क्लबवर माझं हे तिसरं वर्ष. सिंगल स्कल, म्हणजे एकटीने दोन वल्ह्यांनी चालवायची बोट, चालवते. कॅच, म्हणजे ब्लेड (वल्ह्याचं पातं) पाण्यात शिरण्याचा क्षण, उशिरा पडतो म्हणून सर रोज ओरडतात, "ब्लेड पाण्यात जायच्या आधीच पाय मारतेस!" मला तसं अजिबात जाणवत नाही. मैत्रिणीने पहाटे काठावरून मोबाइलवर शूट केलं, तर ब्लेडच्या जागी नुसता पांढरा फराटा. कॅमेरा कुठे धरायचा? एर्गोवर (जिममधल्या रोइंग मशीनवर) शूट केलं तर चालेल?

जुना वल्हेकरी:
एर्गोवर सरकती सीट आणि हँडल एकाच वेळी निघतात का ते कळेल, पण तिथे ब्लेडच नाही. पाण्यावरच शूट कर. रेट २०, म्हणजे मिनिटाला २० स्ट्रोक, तर एक स्ट्रोक ३ सेकंदांचा. ब्लेड पाण्यात शिरायला त्यातला सेकंदाचा दहावा भाग धर. सेकंदाला ३० फ्रेमच्या साध्या व्हिडिओत त्याच्या जेमतेम ३ फ्रेम येतात. १२० चं स्लो मोशन लाव, १२ मिळतील. आणि ऊन वर आल्यावरच काढ. उजेड कमी असला की शटर जास्त वेळ उघडं राहतं, तोच तुझा फराटा.

कॅमेरा सरांच्या लाँचमधून (सोबत चालणाऱ्या मोटरबोटीतून), बोटीला अगदी काटकोनात धरायचा. लाँच जरा पुढे सरकली की वल्ह्याचा कोन खोटा दिसतो. यावर आम्ही एकदा अख्खी सकाळ वाया घालवली आहे.

सव्वादोनशे स्ट्रोकच्या २००० मीटरमध्ये दर वेळी १० सेंटिमीटर गेले तरी २२ मीटर होतात. सिंगल साधारण ८ मीटरची असते, विचार कर.

नाशिककर:
रिओ २०१६ला दत्तू भोकनळला पाहून मी वल्हं हातात घेतलं. आमच्याकडे बाजूच्या शूटिंगसोबत बोटीच्या मागच्या टोकाला, म्हणजे आपलं तोंड असतं तिकडे, छोटा ॲक्शन कॅमेरा लावतात. डावं-उजवं ब्लेड एकदम शिरतं का ते त्यात स्वच्छ दिसतं. दोरीने मात्र बांधच, बोट उलटली तर कॅमेरा तळाला जातो.

मुळेकाठची:
दादा, आज नऊ वाजता लाँचमधून काढला. सरांचंच खरं! सीट चार बोटं मागे गेलीय, गुडघे उघडतायत आणि ब्लेड अजून हवेत, कडेवरून थेंब गळताना दिसतायत. पाच वेळा तेवढंच पाहिलं. उद्या रेट १८ वर फक्त कॅचच करणार आणि पुन्हा शूट. डाव्या हाताचं काय, ते नंतर विचारते.