बारावीचे शेवटचे आठवडे घरूनच काढायचेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण लातूरला बारावी सायन्सला आहे. कावीळ झाल्यामुळे हॉस्टेल सोडून निलंगा तालुक्यात गावी आलीये. डॉक्टरांनी महिनाभर सक्त विश्रांती सांगितलीय, म्हणजे लेखी परीक्षेपर्यंत ती घरीच.

थिअरीची तेवढी काळजी नाही. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, पोरगी हुशार आहे. घोर आहे तो प्रॅक्टिकलचा. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी प्रत्येकी ३० मार्क म्हणजे ९० मार्कांचा प्रश्न. केमिस्ट्रीच्या जर्नलवर शेवटच्या काही प्रयोगांच्या सह्या राहिल्यात. टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट नावाच्या नळ लावलेल्या काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून मोजायचा प्रयोग, घरी बसून कसा करणार? व्हिडिओ बघून रीडिंग पाठ होईल, पण ब्युरेटचा नळ फिरवायचा हात कसा बसणार?

प्रॅक्टिकलच्या दिवशी तब्येतीने साथ दिली नाही तर आउट ऑफ टर्न परीक्षा असते म्हणे. त्यासाठी अर्ज कॉलेजमार्फतच जातो का? मेडिकल सर्टिफिकेट सिव्हिल सर्जनचंच लागतं की खाजगी डॉक्टरांचं चालतं? ७५ टक्के हजेरीत आजारपणाची सूट कशी मिळते? कॉलेजात फोन केला तर "या, मग बघू" एवढंच उत्तर.

आणखी एक, दिवसा लाईटचा भरवसा नाही आणि घरात रेंज फक्त माळवदावर. रेकॉर्डेड लेक्चर डाउनलोड करून ठेवता येतील असं काही सुचवा. लातूर बोर्डातून हे केलेलं कुणी असेल तर कृपया सविस्तर लिहा. आई सध्या ऊसाचा रस पाजण्यात गुंतलीये, त्यावर सल्ले नकोत.