तिसऱ्या मजल्यावर दोन कासवं, अंगण नाही, काय करू?

रावपुऱ्यातली ताई: वडोदऱ्यात फ्लॅटमध्ये राहते, मावसभावाने शहर सोडताना दोन सुलकाटा (आफ्रिकेतली जात) कासवं आमच्याकडे दिली, तळहाताएवढी आहेत. दिवसभर कपाटाच्या कोपऱ्यात तोंड खुपसून बसतात, टाइल्सवर पाय घसरतात बिचाऱ्यांचे. खूप वाईट वाटतं बघून.

दांडियाबाजारकर: ताई, आधी टाइल्सवरून उचला त्यांना. गॅलरीत मोठा लाकडी खोका ठेवा, त्यात माती आणि कोकोपीट, एका बाजूला उलटी कुंडी सावलीला. सकाळचं कोवळं ऊन थेट अंगावर पडू दे, काचेतून आलेलं चालत नाही, उन्हातले यूव्हीबी किरण काचेत अडतात आणि मग कवच मऊ पडतं. खायला मुख्य म्हणजे गवत, शिवाय जास्वंदीची पानं. आमचं तर जास्वंदीचं फूल दिसलं की मान लांब काढून धावतंच!

जुना सभासद: सगळं बरोबर, पण ताई, सुलकाटा अडीच फुटांपर्यंत वाढतं, पुढच्या जागेचा आत्ताच विचार करा. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अशा परदेशी प्राण्यांची नोंदणीही करायची असते. आणि कवचावर पिवळ्या चांदण्या असतील तर ते आपलं तारा कासव, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घरी ठेवता येत नाही, वनखात्याला कळवा.

रावपुऱ्यातली ताई: चांदण्या नाहीत, आत्ताच बघितलं. खोका आजच आणते.