केळीच्या बागेत उन्हाकडे तोंड करून फोटो
पानामागून ऊन आलं की पुढच्या माणसाचा चेहरा काळा का पडतो, असा प्रश्न पडतो. मागचा उजेड धरून कॅमेरा एक्स्पोजर (आत घ्यायचा उजेड) कमी करतो, म्हणून. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (उजेड हाताने कमी-जास्त करायची सेटिंग) +१ ते +१.७ केलं की चेहरा उजळतो, पण पान पांढरंफटक पडतं. आणि जळगाव जिल्ह्यातल्या रावेर-यावलच्या बागांतलं ते शिरा दिसणारं पोपटी पान हाच तर फोटोचा जीव! म्हणून स्पॉट मीटरिंग (फ्रेममधल्या एका छोट्या भागाचाच उजेड मोजणं) पानावर घ्या आणि चेहऱ्याला तीन-चार फुटांवरून थर्माकोलचा पांढरा तक्ता धरा, म्हणजे उजेड परतून चेहऱ्यावर पडेल. फ्लॅश मारायचा तर, हाय-स्पीड सिंक (वेगवान शटरलाही फ्लॅश चालण्याची सोय) नसल्यास, शटरचा वेग १/२०० सेकंदाच्या वर नेऊ नका; फ्रेममध्ये काळी पट्टी येते. यूव्ही फिल्टर काढून ठेवा, लेन्स पुसा. समोरच्या उन्हात धुळीचा कणही चमकतो. हूड (लेन्सपुढचं सावलीचं कडं) पुरत नसेल तर लेन्सवर पानाची सावली पडेल असे उभे राहा.