कलर टेस्टवरून पोराची नोकरी ठरवतात का हो?

तापीकाठची ताई:
राम राम मंडळी. माझा लहान भाऊ धुळ्याला डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात प्लेसमेंटच्या ट्रेनिंगमध्ये सगळ्यांना एक कागद दिला, चौकटीत शब्द लिहिलेले, आपल्याला जास्त लागू पडेल त्या चौकटीला जास्त मार्क द्यायचे, मग बेरीज करून कोण ऑरेंज, कोण गोल्ड, कोण ब्ल्यू ते तिथंच सांगून टाकलं. आमचा निघाला ग्रीन. सर म्हणे ग्रीनवाले विचार करत बसणारे, सेल्समध्ये टिकत नाहीत. तेव्हापासून पोरगा सेल्सचा एकही फॉर्म भरू नाही राह्यला. अन् हाच पोरगा सुट्टीत बाबांसोबत भुसावळच्या बाजारात भरताची वांगी विकतो, गिऱ्हाईक घुटमळलं की वांगं उचलून हातावर तोलून दाखवतो, देठ ताजा आहे ते दाखवतो, दुपारपर्यंत टोपली रिकामी! हे रंगांचं खूळ आलं कुठून आणि त्यात खरं किती?

मास्तर_अमळनेर:
ताई, ऑरेंज-गोल्ड-ग्रीन-ब्ल्यू म्हणजे ही ट्रू कलर्सची पद्धत. १९७० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत डॉन लोरी यांनी काढली. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कर्सी यांनी माणसांचे चार स्वभाव मांडले होते, लोरींनी त्यांना रंग दिले, लोकांच्या लक्षात राहावं म्हणून. आणि हे चार स्वभाव पार ग्रीकांपासूनचे, रक्त, कफ, पिवळं पित्त, काळं पित्त, आपल्याकडे वात-पित्त-कफ म्हणतात तसंच काहीसं. म्हणजे चार हा आकडा माणसं मोजून आलेला नाही, जुन्या समजुतीतून आलेला आहे.
दुसरी एक टेस्ट स्वित्झर्लंडच्या मॅक्स ल्यूशर यांची, १९४० च्या दशकातली. आठ रंगांची कार्डं आवडीच्या क्रमाने लावायची. १९८४ साली एमएमपीआय या मोठ्या मानसशास्त्रीय चाचणीशी ती ताडून पाहिली तर मेळच बसला नाही.

जळगाव_एमआयडीसी:
मी एचआरमध्ये आहे म्हणून सांगतो. आमच्याकडे अशी टेस्ट झाली तेव्हा एवढा फायदा झाला की दोन शिफ्टचे सुपरवायझर बसून एकमेकांशी बोलले. पण स्टोअरवाल्या दादांनी दोन महिन्यांनी तोच कागद परत भरला तर रंगच बदलला, त्या आठवड्यात ऑडिट होतं, माणूस टेन्शनमध्ये होता. तेव्हापासून भरतीत मी हे वापरू देत नाही, यावरून कोणाला नाही म्हणणं हा अन्याय आहे.

बीएस्सी_चोपडा:
आणि "अगदी माझंच वर्णन" असं का वाटतं ते पण भावाला सांगा. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी ३९ विद्यार्थ्यांची टेस्ट घेतली अन् प्रत्येकाला तुझा रिपोर्ट म्हणून एकच मजकूर दिला, बराचसा भविष्याच्या पुस्तकातून उचललेला. पोरांनी ५ पैकी सरासरी ४ च्या वर मार्क दिले. तुम्ही शांत आहात पण कधी कधी बोलके होता, हे कोणाला लागू पडणार नाही?

तापीकाठची ताई:
खूप आभार. भावाला शेजारी बसवून सगळं वाचून दाखवलं. तो म्हणे, कागदात "मी खूप प्रश्न विचारतो" असं होतं म्हणून मी जास्त मार्क दिले. अरे, बाजारात गिऱ्हाइकाला पण तू तेच करतोस ना, किती माणसांचं भरीत आहे, आजच करायचं का उद्या!

जळगाव_एमआयडीसी:
ताई, हे इंटरव्ह्यूला असंच्या असं सांगायला लावा त्याला. फॉर्म भरायला लावा पहिले.